चौथ्या दिवशीची चांदणी

आत्याच्या बालवाडीत नवं मूल आलं की ते तीन दिवस रडायचं आणि चौथ्या दिवशी गप्प व्हायचं. सव्वीस वर्षांत यात कधी फरक पडला नाही. बाकीच्या बालवाड्यांत पोरं महिना महिना टाहो फोडायची, आया फाटकाला लटकून असायच्या, आणि आत्याकडे पाचव्या दिवशी सगळी मांडी घालून गाणी म्हणायची. लोक लांबून लांबून पोरं आणून तिच्याकडे घालायचे. आत्याला याचा गर्व होता, आणि का नसावा? ती काही कुणाच्या जिवावर मोठी झाली नव्हती.

पद्धत अगदी साधी. आईनं मुलाला आधी काही सांगायचं नाही. दारात पोर आत्याच्या कडेवर द्यायचं. आत्या त्याला खिडकीपाशी नेणार, त्याचं तोंड बाहेर करणार आणि म्हणणार, "मांजर बघ, कुठंय मांजर?" तेवढ्यात आईनं निघायचं, मागं वळून बघायचं नाही. एखादी वळलीच तर दुसऱ्या दिवशी आत्या तिला सगळ्यांदेखत फैलावर घ्यायची. मांजर बहुतेक वेळा नसायचंच. पण ते शोधेपर्यंत आई गेलेली असायची, आणि मग रडून रडून रडणार किती? जे पोर चौथ्या दिवशी न रडता आपण होऊन खिडकीशी जाऊन उभं राहायचं, त्याच्या कपाळावर आत्या सोनेरी कागदाची चांदणी चिकटवायची.

हे ती कुठल्या पुस्तकातून शिकली नव्हती. ती सतरा वर्षांची असताना आणि भाऊ चार वर्षांचा असताना आईला इस्पितळात न्यायला गाडी आली. दोघा माणसांनी आईला धरून जिन्यावरून उतरवलं, तेव्हा आत्यानं भावाला उचललं, मागच्या खिडकीशी नेलं आणि म्हणाली, "बाळ्या, मांजर बघ." आई परत आली नाही. बाळ्या तीन दिवस रडला आणि चौथ्या दिवशी जो गप्प झाला तो आजतागायत. मग आत्यानंच त्याला वाढवला, शिकवला, पूल बांधणारा इंजिनिअर केला, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःचं तेवढं राहून गेलं.

तर अशा या आत्याला बाळ्याचा परदेशातून फोन आला. तिकडे जाऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता आणि घराची पार दैना उडाली होती. थोरली सहा वर्षांची, ती कशीबशी शाळेत जायची. धाकटा गोट्या साडेतीन वर्षांचा, तो आईचा पदर म्हणा, पँट म्हणा, जे हाताला लागेल ते सोडायलाच तयार नव्हता. भावजयीला प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, रक्त तपासायची, आणि पुढच्याच महिन्यात रुजू व्हायचं होतं.

"ताई, तू ये," बाळ्या म्हणाला. "मुलं रुळू देत, मग तुझे कायमचे कागद करू. तिथं एकटी काय करतेस?"

आत्या खरंच एकटी होती. बावन्न वर्षांची, गुडघे कुरकुरायला लागलेले, भाड्याच्या दोन खोल्या. तिनं मागचा पुढचा विचार केला नाही. खोल्या सोडल्या, भांडीकुंडी वाटून टाकली, आणि बालवाडीच्या किल्ल्या तिच्या हाताखालच्या बाईच्या हातात ठेवल्या. आता शेवटपर्यंत भावाच्या घरी, भाच्यांच्यात, एवढंच तिच्या डोक्यात होतं. विमानात तिनं पर्समध्ये चांदण्यांचं एक पाकीट मात्र जपून ठेवलं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. अर्धी खोकी अजून फोडलेली नव्हती. भिंतीत खिळा ठोकायला बंदी, रविवारी कपड्यांचं मशीन लावायला बंदी, कचऱ्याचे तीन डबे आणि कुठलं साल कुठल्या डब्यात यावरून खालच्या मजल्यावरचा म्हातारा रोज चिठ्ठी चिकटवून जायचा. आत्यानं कंबर कसली. आठ दिवसांत खोकी संपली, डब्यांवर तिनं मुलांसाठी काढतात तशी चित्रं काढून चिकटवली, आणि म्हाताऱ्याच्या चिठ्ठ्या बंद झाल्या. भावजय म्हणाली, "ताई, तुम्ही नसतात तर मी वेडी झाले असते." आत्यानं ते मनात जपून ठेवलं.

गोट्याच्या शिशुशाळेत एक दाढीवाला मास्तर होता. त्याचं म्हणणं असं, की घरचं एक माणूस दोन आठवडे कोपऱ्यात बसू दे. रोज निघताना मुलाला सरळ सांगा, मी जाते आणि अमुक वेळेला येते. रडला तर रडू दे, पण त्याच्याकडे बघून हात हलवून जा. भावजयीला ते पटलं होतं. आत्याला हसू आवरेना.

"या दाढीवाल्यानं किती पोरं सांभाळली असतील?" ती म्हणाली. "दोन आठवडे म्हणे. मला चार दिवस दे."

पहिल्या दिवशी सकाळी भावजय बूट घालायला लागली आणि गोट्यानं तिच्या पायाला मिठी मारली. आत्यानं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेलं. समोरच्या घराच्या कठड्यावर खरंच एक पांढरं मांजर होतं. "मांजर बघ, गोटू." भावजय दारात उभीच. तिचे डोळे भरून आले होते.

"त्याला एवढं तरी सांगू दे ना ताई, की मी संध्याकाळी येणार आहे."

"काही सांगायचं नाही. आणि तुला रडायचं असेल तर जिन्यात जाऊन रड. इथं तमाशा नको."

भावजय गेली. तिनं त्या वेळी उलट काही म्हटलं नाही. काही बायका म्हणत नाहीत, बाजूला काढून ठेवतात.

गोट्या पहिल्या दिवशी उलटी होईपर्यंत रडला. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला. तिसऱ्या दिवशी नुसते हुंदके, आणि चौथ्या दिवशी आईनं बूट हातात घेतल्याबरोबर तो स्वतःच खिडकीशी गेला, ओट्याशेजारच्या स्टुलावर चढला आणि बाहेर बघत उभा राहिला. आत्यानं चांदणी काढली आणि त्याच्या कपाळावर लावली. शिशुशाळेतही मग त्यानं त्रास दिला नाही. दाढीवाल्या मास्तरानं भावजयीला विचारलं, हा फार शांत आहे, घरी बोलतो ना? आत्या म्हणाली, "रडलं तरी यांना दुखतं, नाही रडलं तरी दुखतं."

मग तिनं पुढची कामं हाती घेतली. गोट्याला आपल्या कुशीतून काढून मुलांच्या खोलीत एकटं झोपायला शिकवलं, तेही चार दिवसांत. आपल्या हातानं जेवायला शिकवलं. थोरलीला शाळेतून दोन गल्ल्या चालत एकटीनं यायला शिकवलं. जीव तोडून केलं सगळं. तिला वाटायचं, आपण जितकं नीट करू तितके आपले पाय या घरात रोवले जातील. दिवसेंदिवस आपल्यावाचून अडणारं एकेक काम आपणच संपवतोय, हे या बाईच्या ध्यानात येत नव्हतं. मुलं कळायची तिला. मोठी माणसं कळत नव्हती.

एकदा थोरली म्हणाली, "आत्तू, मांजर नसतं ना, तेव्हापण गोट्या बघत बसतो."

"येईल म्हणून बघत असेल," आत्या म्हणाली, आणि तिच्या वेण्या घालायला लागली.

तिचा व्हिसा संपायची तारीख जवळ आली. तिनं बाळ्याला एकदा विचारलं, तो म्हणाला होईल. पुन्हा विचारलं, तेव्हा तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "ताई, अर्ज टाकलाय, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?" तिनं डोक्याला ताप करून घेतला नाही. ज्याला चमच्यानं भरवलं त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही तर कुणावर?

एका शनिवारी दुपारी ती मुलांना मैदानावर घेऊन गेली होती. परत आली तर दारापाशी, बुटांच्या कपाटाला टेकवून, तिची बॅग उभी. चाकांची, निळी, तिनं येताना आणलेली. कुलूपसुद्धा लावलेलं. वर तिचा स्वेटर घडी करून ठेवलेला.

"हे काय?" आत्यानं विचारलं.

बाळ्या गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता. "संध्याकाळचं विमान आहे, ताई. आत्ता निघायला हवं."

"आणि अर्ज?"

"टाकला नव्हता."

आत्या मटकन बुटांच्या स्टुलावर बसली. मुलं आत गेली होती.  ती म्हणाली, "अरे, आधी सांगायचंस तरी. दोनदा विचारलं मी तुला."

"सांगितलं असतं तर तू महिनाभर रडत बसली असतीस. मुलांनाही त्रास झाला असता." बाळ्याचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढायचा नाही. "तूच म्हणतेस ना, आधी काही सांगायचं नाही."

"मी पोरांचं म्हणते, बाळ्या."

"मी पोरच होतो," बाळ्या म्हणाला. "मला काय झालं? झालोच ना मोठा?"

आत्यानं त्याच्याकडे बघितलं. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, तिच्या हातचं खाऊन वाढलेला. चेहऱ्यावर राग नाही, दुःख नाही, काही म्हणजे काही नाही. तिला वाटलं, हा अजून त्या मागच्या खिडकीशीच उभा आहे की काय.

"मी जाऊ कुठं पण? खोल्या सोडल्यात मी."

"तुझ्या हाताखालच्या बाईंशी बोललोय. बालवाडीची मागची खोली आहे ना, खेळणी ठेवता ती. तिथं राहू देतील. हो म्हणाल्या."

आपल्याच बालवाडीच्या खेळण्यांच्या खोलीत, आपल्याच मदतनिसाच्या मेहेरबानीवर. आत्याचा बांध फुटला. पोरं तासन्तास रडून घर डोक्यावर घ्यायची तेव्हा जिची पापणीसुद्धा लवली नाही, ती बाई तोंडावर स्वेटर धरून हमसून हमसून रडायला लागली.

भावजय स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पुसत, सावकाश. ती आत्याजवळ वाकली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "ताई, रडायचं असेल तर जिन्यात. इथं मुलं आहेत."

आत्यानं डोळे पुसले. तिला एकदम आठवलं, गोट्या आहे. गोट्या सोडायचा नाही. रडेल, लोळेल, उलटी करेल, तिच्या पायाला मिठी मारेल आणि मग यांना दोघांना कळेल काय केलं ते. त्याची ती मिठी सोडवायला यांच्यापैकी कुणाचे हात धजणार होते? तिनं मुद्दाम मोठ्यानं हाक मारली. "गोट्या, आत्तू निघाली रे."

गोट्या खोलीतून बाहेर आला. हातात लाकडी रेल्वेचा डबा होता. त्यानं आत्याकडे बघितलं, मग बॅगेकडे बघितलं. चाकांची बॅग, त्यावर स्वेटर, दारात बाबा. भावजय त्याला उचलायला पुढे झाली, तोंड उघडून मांजराचं काही म्हणणारही होती. त्याची गरज पडली नाही. गोट्या वळला, स्वयंपाकघरात गेला, ओट्याशेजारच्या स्टुलावर चढला आणि दाराकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

बाळ्यानं बॅग उचलली आणि जिना उतरायला लागला. आत्या उंबऱ्याबाहेर गेली आणि मागं वळली. सव्वीस वर्षं तिनं जे एकाही आईला करू दिलं नव्हतं ते तिनं केलं.

"गोटू, इकडं बघ ना. आत्तूला टाटा नाही करायचं?"

"मांजर बघतोय," गोट्या म्हणाला. मान वळली नाही.

थोरली त्याच्यामागं जाऊन उभी राहिली, खिडकीतून डोकावली आणि आत्याकडे बघून तिनं नुसती मान हलवली. कठड्यावर मांजर नव्हतं.

गोट्या रडला नाही. एक हुंदकासुद्धा नाही, आणि हा तर पहिलाच दिवस होता. बालवाडीत असं पोर मिळालं असतं तर आत्यानं चौथ्या दिवसाची वाट न बघता त्याच्या कपाळावर चांदणी लावली असती. पाकीट तिच्या पर्समध्येच होतं. भावजयीनं दार हळूच लावून घेतलं आणि आत्या कठड्याला धरून, गुडघे सांभाळत, जिना उतरायला लागली.