आत्या कॉलेज पाहायला जाते

दामिनीच्या आत्यानं, म्हणजे शोभाताईनं, नाही म्हटलेल्या घरात भंडाऱ्याच्या विणकरांच्या मोहल्ल्यातली एकही पोरगी आजवर नांदायला गेली नव्हती. सोयरीक आली की आधी आत्या घर पाहायला जायची. मोरी बघायची, मागच्या दारी डोकवायची, त्या घरची सून कशी बोलते ते कान देऊन ऐकायची. घर पटलं तर पिशवीतून खडीसाखरेची पुडी निघायची आणि सगळ्यांची तोंडं गोड व्हायची. नाही पटलं तर पुडी तशीच परत. मग पुढच्यांनी सोन्याच्या विटा दाखवल्या तरी उपयोग नसे.

आता दामिनीचं काही लग्न निघालं नव्हतं. तिला बायोमेडिकल इंजिनिअर व्हायचं होतं, म्हणजे दवाखान्यातली यंत्रं बनवायची, बिघडली तर नीट करायची. हायवेवरच्या मोठ्या विद्यापीठात नंबरही लागला होता. पण बाप पडला भित्रा! खेमराज मागावर नवा धागा चढवायचा तरी आधी बहिणीला विचारायचा.

"चार वर्षं पोरगी तिथं राहीन. मंग घर पाहाले नको का?" तो म्हणाला. "ताई हो म्हणली तर जा. नाही तर इथंच बी.ए. कर."

झालं! दामिनीनं कपाळावर हात मारला. आत्याला यंत्रातलं काय कळतं? ती तर मिक्सर लावला तरी दोन हात लांब उभी राहते. पण बापापुढं बोलायची सोय नव्हती. तिघं बसमध्ये बसली, आणि वाटेतलं जवाहरनगर मागं पडलं तरी दामिनीची नजर आत्याच्या मांडीवरच्या पिशवीवरून हलेना.

विभागप्रमुखांनी त्यांना एसीत बसवलं. रंगीत पुस्तिका दिल्या, मोठमोठ्या कंपन्यांची नावं सांगितली, चहा मागवला. आत्यानं कप बाजूला सारला. पसंती झाल्याशिवाय ती कोणाच्या घरी घोटभर पाणीही घेत नसे.

"मशीनी दाखवा जी," ती म्हणाली.

प्रयोगशाळा कशी, चकाचक! फरशीत तोंड दिसावं. प्रत्येक यंत्रावर प्लास्टिकचं झाकण. खेमराज तर हरखूनच गेला. आत्यानं एका झाकणावरून बोट फिरवलं आणि ते भावाच्या नाकासमोर धरलं. बोटाला धूळ.

"हे पाहुण्यायले दाखवाचं ताट होय, खेमराज. याच्यात जेवत कोणी नाही."

"महागडी यंत्रं आहेत हो," प्रमुख घाईनं म्हणाले. "मुलांच्या हातात कशी द्यायची?"

"मंग पोट्टे कायच्यावर शिकतेत?"

साहेबांनी रंगीत पुस्तिका पुन्हा पुढं केली. आत्याचं म्हणणं खोटं असतं तर दामिनी भांडली असती. पण ते खरंच होतं आणि म्हणूनच तिला रडू यायला लागलं. गेलं इंजिनिअरिंग. पुडी पिशवीतच राहणार.

आत्या तरातरा निघाली ती सवयीनं मागच्या दाराकडं. मागं एक लांबट खोली होती. दवाखान्यांनी टाकून दिलेली जुनी यंत्रं तिथं उघडी पडली होती आणि पोरंपोरी वायरींत गुंतलेली. एका टेबलाशी पिकल्या केसांचे सर, नाजूक बाळांना ऊब देणाऱ्या पेटीत डोकं घालून बसलेले. शेजारी कमरेला ओढणी खोचून तिसऱ्या वर्षाची एक पोरगी उभी.

"सर, चुकलं तुमचं," पोरगी म्हणाली. "वायर उलटी लावली. बाळ गरम नाही होणार, भाजून जाईल."

खेमराज जागच्या जागी थिजला. मास्तराला असं तोंडावर! आता काही या पोरीची धडगत नाही.

सरांनी चष्मा वर केला, वायर पाहिली. "अरे, खरंच की! ये सरिता, तूच लाव." ते उठले आणि खुर्ची तिला दिली. सरिता बसलीसुद्धा.

आत्या दारातच थबकली. मग खाली मान घालून पिशवीचा बंद सोडायला लागली.

पुडी निघाली. पहिला खडा सरिताच्या हातावर, दुसरा सरांच्या.

"ताई, पण समोरच्या खोलीत तर..." खेमराज चाचरला.

"समोरची खोली सगळ्यायचीच खोटी राहते. आपली का खरी आहे?" आत्याचा आवाज बारीक झाला. "माह्या वेळी घर पाहाले कोणी गेलं नव्हतं, खेमराज. साऱ्या जन्मात त्या घरात मले एकदाबी म्हणता नाही आलं, का मामंजी, चुकलं तुमचं."

आत्यानं दामिनीच्या तोंडात खडा घातला, तिच्या गालावरून हात फिरवला. "नांद इथं. अन् कोणी चुकलं तर चुकलं म्हण."

दामिनीच्या तोंडात साखर आणि डोळ्यांत पाणी. ती नुसतीच मान हलवत राहिली.

आत्यानं पदरानं डोळे पुसले आणि मागोमाग आलेल्या विभागप्रमुखांकडं वळली. "आणा आता तो चहा. अन् साहेब, ते प्लास्टिक काढून ठेवा. आमची पोरगी येऊन राहिली."