सतरा वीसचा शॉट

खाणीवर जायच्या दिवशी सकाळी भावाने नेहमीप्रमाणे कॅमेरा एडिटिंगच्या टेबलावर ठेवला आणि धाकट्या बहिणीने भिंतीवरचं घड्याळ बघून त्याचा टाइमकोड लावला. टेपवरच्या प्रत्येक चित्राला तास, मिनिटं, सेकंदांचा जो आकडा मिळतो, तो टाइमकोड. काही जण तो शून्यापासून लावतात. मग टेप फिरेल तेवढाच तो पुढे सरकतो. या दोघांचा कोड घड्याळासारखा चालायचा, कॅमेरा बंद असला तरी. कोणता शॉट किती वाजता घेतला, हे एडिटिंगला बसल्यावर तिला विचारावं लागत नसे. लावायची ती, न्यायचा तो. भाऊ तिला घड्याळबाई म्हणायचा.

त्याच दिवशी पावणेपाचला तो खाणीच्या तळाशी सापडला. सव्वापाचला त्याला गाडीत घालून नेलं. वर ट्रायपॉडवर राहिलेला कॅमेरा रखवालदाराने दिवेलागणीला खाली आणला. दुसऱ्या दिवशी सुरुंग लागले आणि तो जिथून पडला ती कडच उरली नाही.

पाय घसरला की उडी मारली, हे सांगणारं कोणी नव्हतं. सकाळी नवराबायकोची खडाजंगी झाली होती आणि शेजारपाजारच्यांनी ती कान टवकारून ऐकली होती. सासूबाईंनी सुनेशी बोलणं टाकलं. तपास अधिकाऱ्याला टेपच्या कॉपीत नुसते दगड दिसले. आता तो अकराला येणार होता, शेवटचं बघून प्रकरण बंद करायला. बंद म्हणजे काय लिहून बंद, हे घरात कोणी कोणाला विचारत नव्हतं.

दहा वाजता वहिनी एडिटिंगच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“कॉपी बघितली मी. शेवटी ते दगड भरतानाचं आहे, मग अंधार. टेप तिथेच संपली?”

“टेप नाही संपली. कॉपी मी तिथे थांबवली.”

“का?”

“कुठून कुठपर्यंत घ्यायचं, ते मशीनला कोडमध्ये सांगावं लागतं. शेवट मी पावणेपाच दिला. त्याच्यापुढे टेपवर काही असणं शक्यच नव्हतं, वहिनी.”

“तू बघितलंस?”

“नाही बघवलं.”

“वा गं घड्याळबाई! माझा नवरा गेला म्हणून तू टेप पण संपवलीस?” वहिनीने खुर्ची ओढली. “लाव.”

दगड भरतानाचा शॉट कोपऱ्यातल्या आकड्यानुसार सोळा एकवीसला संपला. चित्र फाटल्यासारखं हललं, आणि आकडा एकदम सतरा वीसवर आला.

वर येणारी पायवाट. रिकामी. कॅमेरा जराही न हलता तिच्याकडे बघत राहिला. बहिणीने मनातल्या मनात मोजलं: दहा सेकंद. एडिटिंगच्या मशीनला चित्र पकडण्याआधी धावायला जागा लागते, म्हणून भाऊ प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर दहा सेकंद सोडायचा. मग कॅमेरा सावकाश वळला आणि कडेवर येऊन थांबला.

कडेचा लचका तुटला होता. आतला दगड फिकट, ओलसर, नुकताच दात पडलेल्या हिरडीसारखा. खाली तीन पाय आणि कॅमेरा यांची सावली पडली होती. कॅमेरा वळला तशी ती वळली. तिच्याशेजारी दुसरी सावली नव्हती.

पुन्हा दहा सेकंद. मग माइकवर बोटाने टिचक्या माराव्यात तसं: ठक, ठक.

बहिणीने टेप थांबवली. चांगला जमलेला शॉट संपला की भाऊ असंच करायचा. हाच घे, असा त्याचा अर्थ होता.

“रखवालदार असेल,” वहिनी हळूच म्हणाली.

“रखवालदाराला दहा सेकंद कोणी शिकवली?”

बहिणीने फळीवरून कॅमेरा काढला, चालू केला आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिला. सेकंदाचाही फरक नव्हता. कॅमेरा तिने बंद करून जागेवर ठेवला.

“दाखवू नये, वहिनी. कोणी काढलं विचारेल.”

“विचारू दे. कड तुटली हे दिसतंय ना? उद्या माझी पोर मोठी होऊन विचारेल, तेव्हा सांगायला मला तेवढंच हवंय.”

अधिकारी अकराला आला, चपला न काढता बसला आणि तो शॉट त्याने दोनदा पाहिला. तुटलेल्या कडेवर त्याने बोट ठेवलं. मग ते बोट कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेलं.

“सतरा वीस? अहो, सव्वापाचला मी स्वतः त्यांना गाडीत ठेवलं.”

त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

“घड्याळ पुढे असणार तुमचं. तासभर. म्हणजे हे चार वीसचं. कड खचतेय म्हणून शूट केली, मग बघायला जवळ गेले.” तो बहिणीकडे वळला. “काय ताई, पुढे असेल ना?”

तिच्या कोडमध्ये चूक काढणाऱ्या गिऱ्हाइकाला तिने एकदा जिन्यापर्यंत पोचवलं होतं.

“असेल,” ती म्हणाली.

“असेल-बिसेल नको. कॅमेरा आणा, आत्ता कळेल.”

फळी चार पावलांवर होती. तिने कॅमेरा आणून त्याच्या हातात दिला. वहिनीने डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्याने कॅमेरा चालू केला, छोट्या खिडकीतला आकडा पाहिला, मनगट वळवून स्वतःचं घड्याळ पाहिलं आणि हसला.

“यात बारा नऊ. माझ्यात अकरा नऊ. बोललो नव्हतो? बरोब्बर तासाचा फरक!” तो उठला. “अपघात लिहितो. सासूबाईंनाही मीच सांगेन जाता जाता. आणि ताई, आधी ते घड्याळ नीट करा.”

त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. टेबलावर कॅमेरा चालूच होता. त्याचे सेकंद भिंतीवरच्या काट्याच्या पावलावर पाऊल टाकत चालले होते, एक अख्खा तास पुढे. बहिणीने कोडच्या बटणाकडे हात नेला.

वहिनीने तिचं मनगट धरलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “इतकी वर्षं तू लावलास. एकदा त्याने लावलाय.”