एकशेतीन

"आजही खिचडीत मीठ नाही. मी बरी व्हायच्या आधीच सूनबाई मला संन्यास देणार," शेजारच्या कॉटवर यशोदाबाई डब्यात बघून पुटपुटल्या.

लंकाबाईला हसू आलं, पण हात थांबला नाही. सुलाच्या कपाळावरची पट्टी तिनं पुन्हा भिजवली. आठ वर्षांची पोर, तिसऱ्या दिवशीही नुसती फणफणत होती.

पुंजाराम अंबडच्या कारखान्यातून थेट दवाखान्यात आला. हाताला अजून ऑइलचा वास.

"ताप किती?"

"एकशेतीन," सिस्टर म्हणाल्या. "बर्फ मिळाला तर आणा."

"एकशेतीन... सकाळी पण तीनच होता ना?"

"बघ लंके, बापाचा जीव!" यशोदाबाई म्हणाल्या. "पोर आजारी पडलं की आमचे हे विचारायचे, मग मला जेवायला कोण वाढणार?"

लंकाबाईनं पट्टी पिळली. नवऱ्याला कुठंही आकडा दिसायचा. स्वप्नात, तिकिटावर, मोटारींच्या पाट्यांवर. तिच्या वडिलांच्या मातीला दोघं देवळ्याला गेले, तेव्हाच्या एसटीचा नंबर त्यानं मटक्यावर लावला आणि नेमका लागला. त्या पैशांची साडी तिनंही हौसेनं नेसली होती. आधी शनिवारी एकदा, चहाचे पैसे वाचवून मटका. आता रोज. कॉलनीत त्याला 'प्रोफेसर' म्हणत, सासूबाई म्हणत, "पोराचं गणित चाललंय." दुसरा शब्द घरात कुणी काढत नसे.

"मी आणतो बर्फ," म्हणत तो टॉवेल घेऊन निघाला.

बर्फाची गाडी समोरच, रस्ता ओलांडला की. पाऊण तास झाला तरी त्याचा पत्ता नाही. लंकाबाई माठातल्या पाण्याच्या पट्ट्या बदलत राहिली. मग सुलाला दरदरून घाम फुटला. सिस्टरांनी पुन्हा थर्मामीटर लावला.

पुंजाराम आला तेव्हा टॉवेल ओलाचिंब होता आणि आत सुपारीएवढा बर्फ.

"लय गर्दी होती," तो म्हणाला. शर्टाच्या खिशातून मटक्याची चिठ्ठी डोकावत होती.

"अहो, उतरला ताप! एकशेएक!" लंकाबाई म्हणाली.

त्याचा चेहरा पडला.

"एक? आणि मी तीन लावला..."

यशोदाबाईंचा घास हातातच राहिला. सुलानं डोळे किलकिले केले.

"आबा, कमी झाला ना?"

तो स्टुलावर बसला. पोरीच्या कपाळाला हात लावायला गेला आणि मध्येच थांबला.

"लेकरू विचारतंय तुम्हाला," लंकाबाई म्हणाली.

"झाला गं बाई. कमी झाला."

मग त्यानं बायकोकडं पाहिलं. शेजारी माणसं होती, तरी आवाज खाली घेतला नाही.

"तीन दिवस मी हिचा ताप नव्हतो विचारत. आकडा विचारत होतो. अगं, हा जुगार आहे. आणि मला तो सुटत नाय."