राखेनं घासलेली घागर

"राखेनं कशाला घासलीस गं घागर? वास लागतोय त्यांना." माझ्या खांद्यामागं उभं राहून आमचे मालक कुरकुरत होते. मी पुन्हा राख घेतली.

त्यांना म्हणजे माशांना. आम्ही लिंगायत. मासळी खाणं सोडाच, तिचं नावही आमच्या घरात कुणी घेत नसे. पण निजामाचं राज्य गेलं आणि नव्या सरकारनं मालकांना येडशीकडच्या तळ्यावर राखणदार नेमलं. मासळीचं बीज वाढवायचं, बोटाएवढं झालं की गावोगावच्या तळ्यांत पाठवायचं. तेव्हापासून जाऊबाई माझ्या हातचं पाणी घेईनात. तळ्यावरच्या खोलीत आम्ही दोघं. बोलायला कुणी नाही. तळ्यातल्यांना ऐकू येतं की नाही, ते अजून कळलेलं नाही.

लेकरूबाळ झालं नाही. मालक त्या बोटाएवढ्या पिलांना, बोटुकल्यांना, लेकी म्हणायचे. भादव्यात पाठवणी असायची. चार गावचे भोई गाड्या घेऊन येत, मडक्यांतून मासे नेत. दर गाडीबरोबर मालक आमच्या तळ्याच्या पाण्याची एक घागर द्यायचे. नव्या तळ्यात आधी ती ओतायची, मग मासे सोडायचे. "सासरी पहिल्या दिशी तरी माहेरचं पाणी लागावं," म्हणायचे. भोई आधी हसले, पुढं तीच रीत झाली. वर्षाकाठी तेवढा एक दिवस आमच्या दारात माणसं. मी आदल्या दिवसापासून चहाची भांडी पुसत बसायची.

या भादव्यात पाठवणीच्या सकाळी मी तळ्याच्या पायरीवर गेले, तर सहा मासे उताणे. पोटं फुगलेली, खवल्यांखाली लाल ठिपके. मालक तिकडं मडकी मोजत गुणगुणत होते. मी पदरात घेतले आणि कण्हेरीखाली पुरले.

गाड्या आल्या, चहा झाला. धोंडीबा भोयाच्या गाडीचा आस वाटेत मोडला म्हणून तेवढा तो आला नाही.

पंधरा दिवसांत तिन्ही गावच्या तळ्यांत मासे तरंगले, मग आमच्या. धाराशिवहून साहेब आले. एक मासा बाटलीत घातला आणि म्हणाले, जंतूहूनही बारीक काहीतरी असावं, भिंगातून दिसत नाही. मालक मागाहून मला म्हणाले, "दिसत न्हाय, तर हाय कशावरून?" कुणी म्हणालं दोरासाठी तळ्यात अंबाडी सडवली म्हणून, कुणी म्हणालं ऊन फार. आमच्या घागरीचं नाव कुणी काढलं नाही. आमच्या घरचा चहा प्यायलेली माणसं होती ती.

तळ्यात दोनेकशे बोटुकल्या उरल्या. वरून धडधाकट. मालकांनी धोंडीबाला निरोप धाडला. त्याच्या तळ्यात गेल्या सालचे मासे होते, हातभर झालेले. सहा घरं त्यांच्यावर जगत होती.

आज तो आला. मडकी भरली. मी दोनदा घासलेली घागर मालकांनी तळ्यात बुडवून आणली.

"आप्पा, घागर ऱ्हाऊ द्या," धोंडीबा मालकांना म्हणाला. "वाट खडबडीची हाय. सांडंल."

"मी मांडीवर घेऊन बसतो की."

"तुमी कशाला दगदग करता? आमच्या विहिरीचं पाणी लई गोड हाय."

"सासरचं गोड असतंयच रे. पर माहेरचं आधी."

धोंडीबा बैलाच्या शिंगाला हात घासत उभा राहिला. "मग असं करू आप्पा. बोटुकल्या बी फुडल्या सालीच नेतो."

"का रं? माझ्या लेकी वाईट हायत व्हय?"

धोंडीबानं माझ्याकडं बघितलं, मग खाली. "आक्का, तुमीच सांगा आप्पाला," म्हणाला. काय सांगायचं ते मात्र बोलला नाही.

मालक गाडीच्या साट्यावर चढले. घागर मांडीवर घेतली, वर तळहात धरला. यंदा इतकं खूश मी त्यांना बघितलं नव्हतं. धोंडीबा कासरा हातात घेऊन तसाच उभा.

मी जाऊन चाकाला हात लावला.

"अहो, घागर खाली ठेवा," मी म्हटलं. "रोग आपल्याच पाण्यातून गेला. पाठवणीच्या सकाळी सहा मेले होते. मी कण्हेरीखाली पुरले. माणसं यायची होती म्हणून."