चौदा नंबरचा बाण

सव्वीस वर्षं मी रस्ते खात्यात पाट्या तपासल्या. कुठल्या फाट्यावर कुठला नंबर, बाण कुठल्या बाजूला, पुढचं गाव किती किलोमीटर, हे सगळं यादीशी ताडून बघायचं आणि चुकलं असेल तर ठेकेदाराला फैलावर घ्यायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण खोड काही गेली नाही. गावाचं अंतर बारा किलोमीटर आणि दोन किलोमीटर पुढे गेलं तरी बाराच! अशी पाटी दिसली की माझं डोकं सटकतं. मग गाडी बाजूला, फोटो, आणि घरी आल्यावर खात्याला पत्र. उत्तर कधी येत नाही, ती गोष्ट वेगळी.

"लोक फिरायला जातात, तुम्ही तपासणीला जाता," असं माझी बायको म्हणते.

हिच्या मोठ्या भावाशी, दादांशी, बोलणं बंद पडलं तेही पाट्यांपायीच. त्यांच्या मुलीच्या लग्नात हॉलकडे नेणाऱ्या पाट्या त्यांनी हौसेनं स्वतः रंगवल्या होत्या. दोन बाण उलटे. मी ते व्याह्यांसमोर सांगितलं आणि वर हसलोही. दादा म्हणाले, "हे माझ्या घरचं कार्य आहे, तुमचं खातं नाही." झालं. तीन वर्षं ना फोन, ना येणं-जाणं. चूक दाखवली तर एवढं काय बिघडलं, असं मी म्हणायचो. ही वाद घालायची नाही. भावाच्या वाढदिवशी मात्र दिवसभर गप्प असायची.

परवा दादांनीच हिला फोन केला. हृदयाचं ऑपरेशन, तेही जोखमीचं. "उद्या अकराला आत नेणार आहेत. त्याआधी ये गं. तुला एकदा बघतो आणि मग जातो." फोन ठेवून ही कितीतरी वेळ ओट्याला धरून उभी होती.

सकाळी साडेसहाला निघालो. दहाच्या सुमाराला मोठ्या फाट्यावर पोचलो. तिथून चौदा नंबरच्या रस्त्यानं हॉस्पिटल अर्ध्या तासावर. आणि पाटीवर चौदा नंबरचा बाण डावीकडे!

मी ब्रेक दाबला. "साफ चूक! चौदा नंबर उजवीकडे जातो. इथली पाटी मी स्वतः उभं राहून लावून घेतलीय."

"अहो, नवी कोरी दिसतेय ही."

"म्हणूनच चुकलीय. हल्ली कोण ताडून बघतं?"

"सगळ्या गाड्या डावीकडेच जातायत. फोनवर बघू का?"

"सव्वीस वर्षं मी काय माशा मारल्या का?"

हिनं फोन पर्समध्ये टाकला. मी खाली उतरून पाटीचा फोटोसुद्धा काढला. गाडीत बसलो आणि उजवीकडे वळलो. तिनं हट्ट धरायला हवा होता, असं नंतर माझ्या मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. हट्ट धरायची सोय मी ठेवली होती कुठे?

मध्ये 'पुढे रस्ता बंद' अशी पाटी लागली. काम संपलं तरी ठेकेदार असल्या पाट्या उचलत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक. मी वेग कमी केला नाही. हिनं वहिनींना फोन करून सांगितलं, "पोचतोच आम्ही. दादाला सांग."

अठरा किलोमीटरवर रस्ता संपला. समोर मातीचा ढिगारा, पलीकडे नदी, पूल नाहीच. शेजारच्या टपरीवाल्याला मी काच खाली करून विचारलं. माझा आवाज चढलेलाच होता.

"पूल पाडून दोन वर्षं झाली, साहेब. चौदा नंबर आता फाट्यावरून डावीकडे, नव्या रस्त्यानं जातो. पाटी नाही दिसली?"

"दिसली," ही म्हणाली.

परतीच्या वाटेवर मी वाटेल तशी गाडी हाणली. ही सारखी घड्याळ बघत होती. मला बोल लावला असता, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "सांभाळून चालवा."

हॉस्पिटलमध्ये शिरलो तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. वहिनी बाकावर एकट्याच होत्या. "दहा मिनिटं झाली नेऊन," त्या म्हणाल्या. ही धावत त्या बंद दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.

चार वाजता डॉक्टर बाहेर आले आणि दादा गेले असं त्यांनी सांगितलं.

हिचा हात हातात धरून वहिनी म्हणाल्या, "दोनदा थांबवलं गं त्यांनी त्या लोकांना. माझी बहीण येतेय, पाच मिनिटं द्या म्हणून. मी म्हटलं, रस्ता चुकले असतील, तुम्ही चला आता. तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, काहीतरीच काय बोलतेस? गाडी ते चालवतायत. ते रस्ता चुकणं शक्यच नाही. ट्रॅफिकमध्ये अडकले असतील."

मग पदरानं डोळे पुसून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "फार ट्रॅफिक होतं का हो?"



"हो वहिनी," ही म्हणाली. "फार होतं." माझ्याकडे तिनं बघितलं नाही.