होडीवरची नोटीस

बहरीनच्या बुसैतीनमधल्या ज्या चारमजली इमारतीत नजीब परकार राहायचा, तिथं कुणाच्याही दारावर बलदियाचा कागद आला की तो आधी नजीबच्या हातात पडायचा. बलदिया म्हणजे इथली नगरपालिका. गल्लीतला दिवा बंद पडला, कचऱ्याचा डबा उचलून नेला, जुना सोफा टाकायला गाडी बोलवायची असली, की लोक म्हणत, "नजीबभाईंना विचारा, त्यांना अरबी येतं."

अरबी त्याला येत होतं ते बाजारापुरतं. बाब अल बहरीनजवळच्या एका कार्गो ऑफिसात सव्वीस वर्षं क्लार्की केल्यामुळे तारखा, आकडे, शिक्के त्याला समजत. आणि लहानपणी मदरशात कुराण शिकलेला असल्यामुळे कुठलाही अरबी मजकूर तो घडाघडा वाचून दाखवी. अर्थ मात्र कळत नसे. कागद घरी ठेवून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, सहकाऱ्याकडून समजून घ्यायचा, आणि संध्याकाळी आपणच वाचल्यासारखं सांगायचं, अशी त्याची रीत होती. बायको नसीमाला हे ठाऊक होतं. "एकदा सांगून टाका ना लोकांना," ती म्हणायची. तो हसून विषय बदलायचा.

जमालुद्दीनचाचा त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. मूळचे दाभोळचे, होड्या बांधणारे सुतार. चाळीस वर्षांपूर्वी मुहर्रकच्या एका बोटींच्या कारखान्यात आले. पुढे लाकडी बोटी कुणी बांधेनासं झालं, तेव्हा चाचा कपाटं आणि दरवाजे करू लागले. आता वय सदुसष्ट. डिसेंबरात व्हिसा संपला की कायमचं गावी जायचं ठरलं होतं.

त्यांच्या अरबाबच्या, म्हणजे कारखान्याच्या बहरीनी मालकाच्या, वडिलांची एक जुनी होडी किनाऱ्यावर पालथी पडलेली असायची. दोन वर्षांपूर्वी अरबाब म्हणाला होता, "दुरुस्त झाली तर कर, जमाल. जायच्या आधी एकदा पाण्यात घालू." तेव्हापासून रोज संध्याकाळी आणि शुक्रवारी अख्खा दिवस चाचा त्या होडीपाशी असत. कुजलेल्या फळ्या काढून त्यांनी नव्या बसवल्या, सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासला. अरबाब इलाजासाठी परदेशी गेला, तरी काम थांबलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी संध्याकाळी चाचांनी नजीबला किनाऱ्यावर बोलावून घेतलं. होडीच्या कुशीवर नारिंगी रंगाचं एक स्टिकर आदल्या दिवशीपासून चिकटवलेलं होतं.

"हे कसलं आलंय, वाच बघू."

आजूबाजूला तिघे जण उभे होते. इमारतीतला तौकीर होता, मासे पकडायला आलेले दोन केरळी होते. मिसरी सहकारी महिन्याच्या लीव्हवर होता, आणि स्टिकर काही घरी नेता येत नव्हतं. नजीबनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. उच्चार इतके स्वच्छ होते की तौकीरनं मान डोलावली. त्यात नजीबला ओळखीचे दोनच शब्द सापडले. एक नझाफा, म्हणजे स्वच्छता. दुसरा, चौदा दिवस. मध्ये इझाला असा शब्द दोनदा आला होता, तो त्यानं ऐकलेला नव्हता.

"साफसफाईचं आहे," तो म्हणाला. "किनारा स्वच्छ ठेवा म्हणतात. चौदा दिवसांनी तपासायला येतील."

"एवढंच ना? मग ठीक," चाचा म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी झाडू आणला. भुसा, खिळे, रिकामे डबे, सगळं गोळा करून कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकलं.

आपण अंदाजानं बोललो हे नजीबला टोचत होतं, नाही असं नाही. परत जाताना त्यानं फोनमध्ये स्टिकरचा फोटो काढून घेतला. सहकारी आला की विचारू, असं मनाशी म्हणाला. मग ऑफिसच्या धबडग्यात तो फोटो मागे पडला.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी त्याची मुलगी लाईबा त्याच्या फोनवर कसले तरी फोटो शोधत होती. ती बारावीत होती. शाळेत तिला अरबी होतंच.

"अब्बा, व्हॉट इज धिस? कोणाची बोट आहे?"

"चाचांची. साफसफाईची नोटीस आहे ती."

"नो, अब्बा." तिनं फोटो मोठा केला. "इझाला मीन्स रिमूव्हल. चौदा दिवसांत हलवली नाही तर दे विल टेक इट. खाली नंबर आहे. मालकानं कॉल केला तर एक्स्टेन्शन मिळेल." मग तिनं तारीख पाहिली. "सॅटरडेला संपतंय."

नजीबनं फोन तिच्या हातातून घेतला.

"चाचांना सांगा आत्ताच," नसीमा म्हणाली. "चार माणसं लावून होडी अरबाबच्या अंगणात नेता येईल. दोनशे पावलंसुद्धा नाहीत."

तो उठून दारापर्यंत गेला. आणि तिथंच त्याच्या डोळ्यांसमोर तौकीरची ती डोलणारी मान आली. तळमजल्यावर जाऊन काय म्हणायचं? की मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं? की इतकी वर्षं सगळ्यांचे कागद मी दुसऱ्याकडून वाचून घेत होतो? बलदिया आजची बंद झाली, उद्या-परवा शुक्रवार-शनिवारची सुट्टी. सुट्टीच्या दिवशी गाडी कशाला येईल? रविवारी दार उघडताच आपण पहिल्या नंबरला उभं राहू, गुपचूप मुदत वाढवून घेऊ. चाचांना कळायचंही कारण नाही.

"रविवारी मी बघतो," तो म्हणाला आणि परत येऊन बसला. नसीमा उठून स्वयंपाकघरात गेली. नंतर त्याला वाटायचं, ती तेव्हा भांडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर त्याचे पाय आपोआप किनाऱ्याकडे वळले. चाचा होडीला आतून तेल लावत होते. त्यांनी थर्मासमधला चहा ओतून त्याला दिला.

"बघ, कसं लख्ख ठेवलंय सगळं. बलदियावाल्यांनी नाव ठेवता कामा नये." मग हात पुसत म्हणाले, "पंधरा दिवसांत अरबाब येईल. त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात घालतो. मग मी जायला मोकळा."

नजीब तासभर तिथं बसला. दोनदा त्यानं "चाचा" म्हणून सुरुवात केली आणि दोन्ही वेळा हवेबद्दल काहीतरी बोलला.

रविवारी आठच्या आधीच तो बलदियाच्या ऑफिसात पोचला. टोकन घेऊन बसला होता, तेवढ्यात फोन वाजला.

"नजीब, होडी नाही रे जाग्यावर," चाचांचा आवाज होता. "सकाळी मोठी गाडी आली होती म्हणतात. तू आहेस कुठं?"

"बलदियात," त्याच्या तोंडून निघून गेलं. "कामासाठी आलो होतो. तुम्ही टॅक्सीनं इथंच या."

चाचा आले ते कामाच्या कपड्यांतच. काउंटरवर सुमय्या नावाची तरुण बहरीनी मुलगी होती. तिनं जागा विचारून नोटिशीचा नंबर कॉम्प्युटरवर शोधला, दोन ठिकाणी फोन केले. फोनवर बोलता बोलताच तिचा चेहरा पडला.

"सॉरी, चाचा," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "क्रेननं उचलताना तुटली. आता ती लाकडाच्या ढिगात आहे." थोडं थांबून तिनं विचारलं, "नंबर लिहिला होता ना? एक फोन केला असता तर आम्ही महिनाभर थांबलो असतो. नोटीस कुणाकडून वाचून घेतली नाही का?"

नजीब काही बोलणार, त्याआधीच चाचा म्हणाले, "नाही बेटी. कुणाला दाखवलीच नाही. मला वाटलं, साफसफाईचं काहीतरी असेल."

त्यांनी नजीबकडे पाहिलंसुद्धा नाही. नजीबनं हातातलं टोकन काउंटरवर ठेवलं. मागच्या माणसाचा नंबर लागला, तेव्हा दोघे बाजूला झाले.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "चाचा, मी..."

"चल, ऊन फार आहे," चाचा म्हणाले.

त्यांनी डिसेंबरपर्यंत वाट पाहिली नाही. नोव्हेंबरातच तिकीट काढलं. विमानतळावर नजीबनंच सोडलं. बॅगा उतरवल्या, मिठी मारली, "इंशाल्ला, गावी भेटू," म्हणाला. आत जाण्याआधी चाचा थोडा वेळ उगाच उभे राहिले, पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग गेले.

जानेवारीत एकदा तौकीर कागद घेऊन आला, तेव्हा नजीबनं त्याला सरळ सांगितलं, "मला वाचता येतं, समजत नाही. लाईबाला विचार." तौकीरनं फारसं काही मनावर घेतलं नाही. "मग आधी बोलायचं ना," एवढंच म्हणाला आणि लाईबाला हाक मारली. एवढ्यासाठी आपण घाबरलो होतो, हे नजीबला सोसेना. त्याच संध्याकाळी त्यानं दाभोळला फोन लावला.

"चाचा, ती नोटीस मी अंदाजानं वाचली होती. मला अरबी कळत नाही."

"ते मला बलदियातच कळलं रे," पलीकडून शांत आवाज आला. "न कळणं काही गुन्हा नाही. मी वाट बघत होतो, तू सांगशील म्हणून. विमानतळापर्यंत बघितली. सांगितलंस, बरं झालं. खलास, सोड आता."

इथं फोन ठेवता आला असता. पण नजीबच्यानं राहवलं नाही.

"अजून एक आहे, चाचा. मला गुरुवारीच कळलं होतं. लाईबानं वाचून दाखवलं होतं."



"गुरुवारी?"

"हो."

"शुक्रवारी तू माझ्याजवळ येऊन बसला होतास."

"हो."

"चहा प्यायलास."

नजीबनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं," चाचा म्हणाले. "ठेवतो."

त्यानंतर नजीबनं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा चाचीनं उचलला आणि चाचा नमाजला गेलेत म्हणून सांगितलं. दुसऱ्या वेळी फोन ठेवल्यावर त्यानं घड्याळ पाहिलं. ती कुठल्याच नमाजची वेळ नव्हती.