धाकटीची काचेची टाकी

माझ्या धाकट्या सवतीला, अबेकेला, माझ्यावर कुरघोडी केल्याशिवाय घास गिळवत नाही. नात फोलाके पहिल्यांदाच कासव पाळणार, म्हणून मी कसाव्याचे कंद भिजवायचा पसरट टब रिकामा केला, बेताचं पाणी घातलं, चढून बसायला दगड ठेवला. तर ही उंच काचेची टाकी घेऊन आली आणि काठोकाठ भरली. पोरगी माझ्या खोलीतली उशी उचलून अबेकेच्याच खोलीत झोपायला गेली.

सकाळी अबेकेनं बाजारातून घुमटासारख्या पाठीचं देखणं कासव आणलं आणि टाकीत सोडलं. ते दगडासारखं तळाशी गेलं.

"थोरल्या बाई, बुडतंय हो!"

मी हात घालून काढलं. जिवंत होतं.

"पाय बघितलेस? हत्तीसारखे खुंट! हे रानात चालणारं. पोहणाऱ्याच्या बोटांत पडदा असतो, पाठ चपटी असते."

अबेकेनं गुडघे टेकले. फोलाके माझ्या लुगड्याला बिलगली. "आजी, मग पोहणारं आणूया?"

"आणूया. आणि अबेके, त्या टाकीत तू तुझं विकायचं मीठ भर. कासव मी निवडणार, ते माझ्या टबात राहणार, आणि पोरीची उशी आत्ताच्या आत्ता माझ्या खोलीत आणून ठेव."